सुमेधचं आडनाव

माझ्या पुस्तकाच्या सुरुवातीला मी बऱ्याच जणांचे आभार मानलेत. आईचे, बाबांचे, बायकोचे, संपादकांचे, आणि गंमत म्हणून डोंबिवलीच्या वीजपुरवठ्याचेसुद्धा. एक नाव मात्र तिथे नाही. ते का नाही, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं — बायकोला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, एवढंच. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत हे बोलायची माझी छाती नाही.

आधी पुस्तकाबद्दल सांगतो. (वेळ काढतोय, कळतंय मला. पण काढू द्या जरा.) कादंबरी आहे, मोठ्या होत चाललेल्या मुलांसाठी. डोंबिवलीत राहणारा एक मुलगा. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसते. शाळेतून आला की कॉम्प्युटरसमोर बसतो, तो जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाही. एके दिवशी तो ज्या गेममध्ये रमलेला असतो त्या गेमच्या आतच जाऊन पडतो — खरोखरचा, अंगात चिलखत, हातात ढाल. पुढे राक्षस येतात, तरंगते किल्ले येतात, खाडीच्या चिखलातून वर येणारा एक महाकाय खेकडा येतो. आणि एक मित्र येतो. त्या मित्राच्या सोबतीने आमचा मुलगा हळूहळू माणसांत येतो. मुलांना पुस्तक आवडलं. खेकडा तर फारच आवडला.

तो मुलगा म्हणजे मी, हे मीच सगळीकडे सांगत फिरतो. पंधरा-सोळाव्या वर्षी मी खरोखरच तसा होतो. शेअर रिक्षात बसलो की ‘इथे थांबवा’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. दुसरं कुणी उतरेल तिथे उतरायचो आणि उरलेलं चालत यायचो. कधी कधी घर मागे पडायचं, पार पुढच्या चौकात जाऊन परत फिरायचो. आईला वाटायचं, पोरगा पाय मोकळे करून येतो, तब्येतीला बरं.

आणि हाच मी गेममध्ये गेलो की कोण? ‘शिलेदार’. ढाल घेऊन सगळ्यांत पुढे. आमच्या टोळीत देशोदेशीची माणसं होती, त्यांतली काही माझ्या बाबांच्या वयाची असावीत, आणि मी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत दटावायचो — डावीकडे व्हा, मागे थांबा, मी सांगेपर्यंत हलू नका. ती ऐकायची. माझं काम मार खाण्याचं. राक्षसाचा प्रत्येक घाव मी अंगावर घ्यायचा आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या हीलरने माझ्या जखमा भरून काढायच्या, मला जिवंत ठेवायचं. हीलर चांगला नसेल तर शिलेदाराची मातीच.

आमचा हीलर म्हणजे सुमेध.

गेममध्ये त्याने नाव घेतलं होतं ‘मिसळ’. का, तर नाव टाकायच्या वेळी त्याला भूक लागलेली. परदेशातली ती दांडगी माणसं जीव जाताना ‘मिसळ, मिसळ’ असा धावा करायची, तेव्हा आम्ही दोघं आपापल्या घरी हसून लोळायचो. आमची ओळखही मरतानाच झाली. एका लढाईत मी मेलो आणि हेडफोनमध्ये कुणीतरी कळवळून म्हणालं, “आयला, गेला बिचारा.” सगळ्या जगाच्या त्या गोंगाटात मराठी. मी विचारलं, कुठला रे तू? तो म्हणाला, कल्याण. मी डोंबिवली. मधे फक्त ठाकुर्ली.

आमच्या टोळीचा एक नियम होता, आणि तो आम्हा दोघांनी घालून दिलेला होता. ज्याची लाईट जाईल त्याला एकटं टाकायचं नाही. कल्याण काय, डोंबिवली काय, दुपारी लाईट जायचीच. त्या गेममध्ये लाईट गेली तरी तुमचा माणूस नाहीसा व्हायचा नाही, होता तिथे पुतळ्यासारखा उभा राहायचा, आणि येणाराजाणारा कुणीही त्याला मारून जायचा. म्हणून बाकीच्यांनी त्याच्याभोवती पहारा द्यायचा. परदेशातल्यांना आधी हे कळेचना — वीज अशी रोज जाते म्हणजे काय? पण पाळायला लागले. सुमेधची लाईट गेली की मी त्याच्यासमोर ढाल धरून उभा राहायचो. आई जेवायला हाका मारून थकायची. मला ते उभं राहणं फार आवडायचं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्याचं पूर्ण नाव त्याने मला असंच कधीतरी सांगितलं होतं. सुमेध वाघमारे. मी म्हटलं, काय नाव आहे यार! गेममध्ये असलं नाव मिळावं म्हणून पोरं जीव टाकायची आणि ह्याला ते जन्मतःच मिळालेलं. तो हसला. म्हणाला, “तुलाच वाटतं तसं.” तो असं का म्हणाला ते मला तेव्हा कळलं नाही — छे, खोटं बोलतोय. कळलं होतं. मी विषय बदलला.

दहावीच्या सुट्टीत एका शनिवारी दुपारी आमची मोठी लढाई ठरलेली होती आणि शनिवारी दुपारी कल्याणची लाईट हमखास जायची. मी म्हटलं, आमच्याकडे ये, बाबांचा ऑफिसचा लॅपटॉप आहे. हे बोलून गेलो आणि मलाच नवल वाटलं. त्याआधी माझ्या घरी माझा म्हणून कुणी मित्र आलेलाच नव्हता. आईने सकाळपासून पोह्यांची तयारी केली. तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झालेला.

तो आला. माझ्यापेक्षा उंच, सावळा, चेहऱ्यावर कायम कुणाची तरी नक्कल करायच्या बेतात असल्यासारखं हसू. दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. आई पाण्याचा पेला घेऊन आली. आमच्याकडे पाणी आणि तो प्रश्न एकत्रच येतात — आई वाईट नाही हो, सगळ्याच घरांतून येतात, हवामान विचारावं तसं विचारतात.

“सुमेध का तू? छान. आडनाव काय रे बाळा?”

त्याने मान वर करायच्या आत मी बोललो. मी — ज्याला रिक्षा थांबवता यायची नाही. “पेंडसे,” मी म्हणालो. “सुमेध पेंडसे.”

का? पेंडसे आमच्या वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा होता, तोंडावर आलं. पण मुळात का? दोन-चार दिवसांपूर्वी जेवताना अकरावीच्या प्रवेशावरून बाबा काहीतरी बोलले होते — ‘त्यांचं काय, त्यांना कुठेही मिळेल’ — आणि आई आमटी वाढत राहिली होती. एवढंच. ह्याला कारण म्हणायचं का? मी बरीच वर्षं म्हणत आलो. पण बाबा तेव्हा घरात नव्हते, आणि आई — आई काय म्हणाली असती? काही म्हणाली असती की नुसतंच ‘बरं’ म्हणून पेला पुढे केला असता? मला माहीत नाही. मी तिला बोलायला जागाच ठेवली नाही.

सुमेधचा हात नाड्यांवर थांबला. आईने विचारलं, “पेंडसे? कुठले तुम्ही?”

तो उभा राहिला. पेला घेतला. “कल्याणचे, काकू,” तो म्हणाला.

तो खोटं बोलला नाही, बघा. कल्याणचेच होते ते. घाव मी घातला होता आणि त्यानेच तो भरून काढला. खोलीत गेल्यावर मी पुटपुटलो, सॉरी रे, आमच्या घरी जरा... त्याने मानेवर तळहात घासला — ती त्याची सवय होती — आणि म्हणाला, “लोड नको घेऊ. तिकडे मिसळ, इकडे पेंडसे. चल, हेडफोन घाल.” आणि हसला. मी त्याच्याहून मोठ्याने हसलो. मिटलं, असं मी स्वतःला सांगितलं.

मग तो येतच राहिला. जवळजवळ दर शनिवारी, वर्षभर. आईचा तो लाडका झाला. मला न आवडणारी अळूची भाजी तो मागून घ्यायचा, जेवण झालं की ताट उचलून मोरीत नेऊन ठेवायचा, आईच्या मैत्रिणींच्या फोनवर बोलायच्या तऱ्हेची अशी नक्कल करायचा की तिला हसून ठसका लागायचा. ‘पेंडशांचा मुलगा बघ जरा’ हे मी उठताबसता ऐकत होतो. बाबासुद्धा त्याच्याशी क्रिकेटवर तावातावाने भांडायचे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगून टाकू. आता तर तो सगळ्यांना आवडतो, आता काय बिघडणार? आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर खोटं बोललो हेही सांगावं लागेल. जितका तो आवडायला लागला तितकं सांगणं अवघड झालं.

मला बोलायला त्याने शिकवलं. ही गोष्ट पुस्तकात आहे, आणि ती खरी आहे. तो मला घेऊन रिक्षात बसायचा आणि ठरवून गप्प राहायचा. घर मागे गेलं तरी गप्प. एकदा असेच आम्ही बरेच पुढे गेलो, तो बाहेर बघतोय, मला घाम फुटलेला, आणि शेवटी माझ्या तोंडून फुटलं, ‘काका, थांबवा!’ इतक्या जोरात की रिक्षावाल्याने दचकून ब्रेक मारला. उतरल्यावर सुमेधने टाळ्या वाजवल्या. येणारेजाणारे बघत होते. त्या संध्याकाळी मी वडापावच्या गाडीवर स्वतः मागून घेतला, मिरची जास्त द्या म्हणून सांगितलंही. किती साधी गोष्ट. पण आज मी व्यासपीठांवर उभा राहून बोलतो ना, ते तिथून सुरू झालंय.

मीही त्याच्या घरी गेलो होतो. कल्याणला, चाळीतल्या दोन खोल्या. भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि पडदा लावून केलेल्या कोपऱ्यात त्याचा सतत घरघरणारा कॉम्प्युटर. त्याच्या आईने सुकटीची चटणी केली होती, मी खात नाही म्हटल्यावर तिने पटकन बटाट्याच्या काचऱ्या परतल्या. तिनेही विचारलं, आडनाव काय रे? मी खरं ते सांगितलं. सांगताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. त्या वेळी सुमेध माझ्याकडे बघत होता का? असावा. मी काचऱ्या खात होतो.

आता ते सांगायला हवं. इतका वेळ मी त्याच्याभोवती नुसत्या फेऱ्या मारतोय.

आमच्या घराण्यात फार पूर्वी एक मुलगा मुंज झाल्यावर लहानपणीच गेला. त्याच्यासाठी दर वर्षी एका मुंजाला जेवू घालतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्न न झालेला मुलगा, घराबाहेरचा. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवून पहिलं ताट त्याला वाढायचं, दक्षिणा द्यायची. त्याचं पोट भरलं की त्या गेलेल्या मुलाचं भरलं, अशी आईची श्रद्धा. ह्या दिवशी ती सकाळपासून हळवी असते. त्या वर्षी येणाऱ्या मुलाला ऐन वेळी कांजिण्या झाल्या. नेमका शनिवार होता. आई ओट्यापाशी पुरण वाटत म्हणाली, “सुमेध येतोयच ना आज? तोच बसेल. देवानेच धाडला म्हणायचा. मुंज झालीये ना त्याची?”

सांगायला ही वेळ होती. ह्याहून सोपी वेळ पुढे कधी आली नाही. मी म्हणालो, “झाली असेल की.”

“त्याला म्हणावं सोवळ्याचा मुकटा काढून ठेवलाय. उघड्या अंगाने बसायला लागेल, लाजू नकोस म्हणावं.”

उघड्या अंगाने. म्हणजे जानवं दिसणार. म्हणजे नसलेलं दिसणार. मी काय केलं असेल? देवघराच्या खालच्या खणात बाबांची जास्तीची जानवी असायची. त्यातलं एक काढलं. खिशात घालून त्याची वाट बघत बसलो. मला भीती वाटत होती ती फक्त पकडले जाण्याची. दुसरी कसलीही भीती त्या वेळी माझ्या मनात नव्हती, हे मला नीट आठवतं.

तो आला, मी त्याला खोलीत ओढलं, दार लावलं, भराभर सगळं सांगितलं आणि जानवं त्याच्या हातात ठेवलं. अर्धा तास फक्त, मी म्हणालो. कुणाला कळणार नाही.

त्याने ते बोटांवर घेऊन बघितलं. “हे तुझंय?” त्याने विचारलं.

“नाही रे, नवीन आहे,” मी म्हणालो. मला वाटलं, जानवं स्वच्छ आहे का असं तो विचारतोय.

त्याने मानेवर हात घासला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “हे नाही घालणार मी, निन्या. घरी पप्पांना तोंड कसं दाखवू? तू सांग ना काकूंना. आता सांग. मी थांबतो इथेच, तू सांगून ये.”

मी थांबतो इथेच. बघा — तो रागावलेला नव्हता. वर्षभर दुसऱ्याचं आडनाव लावून माझ्या घरात वावरलेला तो मुलगा अजूनही माझ्या मागे उभा राहायला तयार होता. मला फक्त दार उघडून स्वयंपाकघरापर्यंत जायचं होतं.

आणि मी म्हणालो... हे वाक्य मी आजवर कधी उच्चारलेलं नाही, लिहिलेलं नाही. मी म्हणालो, “एवढं काय त्यात? पुरणपोळी मिळतेय, वर दक्षिणा. तुमच्यात कोण देतं?”

तुमच्यात. हा शब्द आमच्या दोघांत तोवर कधी आला नव्हता. तो माझ्या तोंडात कुठून आला, हे मी विचारणार नाही. माझ्याच तोंडात होता. रागात बोललो असंही नाही. मी त्याला पटवत होतो. मला ते बिनतोड वाटत होतं.

त्याचं ते कायमचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा चेहऱ्यावरून गेलेलं बघितलं. त्याने जानव्याची नीट घडी केली आणि की-बोर्डशेजारी ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाला, “काकू, घरून फोन आलाय, लगेच निघायला लागतंय.” आई हळहळली. दोन पोळ्या बांधून देते, उपाशी जाऊ नकोस, म्हणत डबा शोधायला लागली. तो म्हणाला, “नको काकू, खरंच नको,” आणि बूट घालून गेला. मी खोलीच्या दारात उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. जाता जाताही त्याने मला पकडून दिलं नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? सुटलो. हे वाटलं. आईने खालच्या मजल्यावरच्या एका मुलाला बोलावून आणलं, त्याचे पाय धुतले, सगळं यथासांग झालं. मी पोटभर जेवलो. पुरणपोळीवर तूप दोनदा मागून घेतलं.

दुपारी लढाई होती. मिसळ आला नाही. पुढच्या शनिवारी आला नाही, नंतरही नाही. टोळीतले लोक विचारायचे, मिसळची लाईट अजून आली नाही का? मी म्हणायचो, नाही. आदल्या आठवड्यात जिथे आम्ही शेवटचे एकत्र उभे होतो त्या पुलावर मी माझा शिलेदार नेऊन उभा करायचो, ढाल पुढे धरून. तिथे पहारा द्यायला कुणीच नव्हतं. माझ्याकडे त्याचा नंबर होता. चाळ माहीत होती, जिना माहीत होता, पडद्याचा रंग माहीत होता. ठाकुर्ली तेवढी मधे. मी गेलो नाही. पुलावर मात्र रोज जायचो — किती सोयीचं, नाही? काही वर्षांनी तो गेमच बंद झाला, आणि मला ते कळलं त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो.

त्याची आठवण येते. हे म्हणायचा मला हक्क नाही, पण येते. काही विनोदी घडलं की पहिलं त्याला सांगावंसं वाटतं. त्याच्यासारखी नक्कल दुसऱ्या कुणाला जमत नाही. माझ्या लग्नात, पुस्तक आलं त्या दिवशी, मुलगी झाली तेव्हा — प्रत्येक वेळी मी गर्दीत एक उंच सावळा माणूस शोधला. दोन-तीन वर्षांपूर्वी शीळफाट्याला गाड्या तुंबलेल्या होत्या, आणि माझ्या टॅक्सीशेजारी एक जण स्कूटरवर, पुढे लहान मुलगा उभा. हेल्मेट काढून त्याने मानेवर तळहात घासला. मी काचेच्या बटणावर बोट ठेवलं. ठेवलं, दाबलं नाही. वाट मोकळी झाली आणि स्कूटर कल्याणच्या बाजूला वळली. तोच होता का, मला सांगता येणार नाही.

आणि मग मी काय केलं? कादंबरी लिहिली. तिच्यात एक प्रसंग आहे, तुम्ही वाचला असेल. त्या जादूच्या राज्याच्या वेशीवर एक पहारेकरीण बसलेली असते. तहानलेल्यांना ती पाणी देते, पण आधी आडनाव विचारते. आडनाव तिच्या पसंतीचं नसेल तर दरवाजा उघडत नाही. माझा लाजरा नायक, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो मित्राच्या पुढे होतो आणि त्याचं नाव खणखणीत आवाजात सांगतो — वाघमारे. दरवाजा थरथरतो, मग उघडतो. मुलांना हे पान पाठ असतं. ठाण्याच्या एका शाळेत कार्यक्रम होता, तिथे एका मुलीने उभं राहून विचारलं, सर, हे खरंच घडलंय का? सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी थोडं थांबलो, आवाज जरा खाली आणला आणि म्हणालो, “नावं सोडली तर सगळं खरं आहे.” टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

नाव तेवढं खरं होतं. बाकी सगळं खोटं.

सुमेधने पुस्तक वाचलंय की नाही, मला माहीत नाही. वाचलं असेल तर त्याच्या नावावर मी शूर झालोय हे त्याने बघितलं असेल. त्याच्याकडून काही आलेलं नाही. यावं असं मला म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात आई आमच्याकडे कोलशेतला राहायला आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळे उघडले तशी म्हणाली, आता पहिलं तुझंच पुस्तक वाचणार, लाजेची गोष्ट आहे, जगाने वाचलं आणि मी नाही. बाल्कनीत खुर्ची टाकून ती रोज थोडं थोडं वाचायची. मी आतून तिच्याकडे बघायचो आणि आता कुठल्या पानावर असेल याचा अंदाज बांधायचो. एका दुपारी तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि मला हाक मारली. डोळे पुसत होती. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी.

“त्या वेशीच्या प्रसंगाला रडूच आलं रे मला,” ती म्हणाली. “हा आपला पेंडसेच ना?”

मी हो म्हणालो.

“पहिल्या पानालाच ओळखला मी. किती गुणी पोर. कुठे असेल आता, कोण जाणे.” तिने पुस्तक पुन्हा उघडून ते पान काढलं. “नाव बदललंस ते बरं केलंस हो, घरच्यांना कशाला उगाच त्रास. पण निनाद, वाघमारे कुठून सुचलं रे तुला?”

“असंच,” मी म्हणालो. “सुचलं.”